बाराव्याच्या कविता

दत्ताराम गेल्याची बातमी मला वर्गात कळली. आठवीला व्याकरण शिकवत होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "मास्तर, हॉस्पिटलातून निरोप आलाय. तुमचे कवी गेले." फळ्यावरचं वाक्य पुरं केलं, हात झटकले आणि निघालो. त्याला आता पाच आठवडे झाले.

दत्ताराम परळच्या एका गिरणीत विणकर होता. लालबागच्या आमच्या चाळीत मी दुसऱ्या मजल्यावर, तो तिसऱ्या. चाळीत कुणी वारलं की बाराव्याला, जेवणं उरकल्यावर, तो गॅलरीत उभा राहून त्या माणसावरची कविता वाचायचा. हा रिवाज त्यानेच पाडलेला. त्यासाठी आधी घरच्यांकडे जाऊन बसायचा आणि विचारायचा, "तेका जेवणात काय आवडायचां? भांडायचो कोणाबरोबर?" आजाराबद्दल, शेवटच्या घटकेबद्दल अवाक्षर नाही. कवितेत मरण एखाद्या ओळीत यायचं, बाकी सगळा जिवंत माणूस. ऐकता ऐकता बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि मधेच कुणीतरी फिस्सकन हसायचं... बाराव्याच्या घरात हसू! मला मास्तराला ते फार खटकायचं.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आमच्या चाळीतला वसंत गोळी लागून गेला. वय वीस. मैदानावर शोकसभा ठरली, चिटणीस मी. दत्तारामची नेमकी दुसरी पाळी, म्हणून कविता माझ्या हाती देऊन तो कामावर गेला. तिच्यात वसंत जिना उतरता उतरता आईला ओरडून सांगत होता:

ताट झाकून ठेव गं, मी येतोच आहे,
भात निवला चालेल, आमटी ऊन कर.

एवढ्या मोठ्या सभेत आमटी? मी त्या दोन्ही ओळी खोडल्या आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'हसत हसत मृत्यूला त्याने कवटाळले.' टाळ्या पडल्या, घोषणा झाल्या. पुढ्यातच वसंताची आई बसली होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला वाटलं, वीरमाता! आता ते आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी दत्ताराम भेटला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मास्तर, तो हसत मेला, तर आपण रडतो कशाला?" आणि मला ओढत वसंताच्या आईकडे घेऊन गेला. मी काय केलं ते तिला मीच सांगितलं. मग त्याने मूळ ओळी वाचल्या. ती ऐकत राहिली आणि एकदम म्हणाली, "आमटी नाय रे दत्ता, बांगड्याचां तिखलां. आमटी बघून तोंड वाकडां करायचो मेलो." म्हणता म्हणता हसली, आणि मग इतके दिवस अडलेलं रडू फुटलं. दत्ताराम तिथेच बसून ओळ दुरुस्त करत होता. तोवर शेजारणी तिला जेवण पोचवत होत्या, त्या संध्याकाळी तिने आपली चूल आपण पेटवली.

पुढे दत्तारामची छाती बिघडली. हॉस्पिटलात मला म्हणाला, "माझ्यावर तुम्ही लिवा. पण घरात विचारून लिवा."

म्हणून तो गेल्यावर मी त्याच्या बायकोकडे, वहिनींकडे, जाऊन बसलो. कुळथाची पिठी आवडायची, पालीला भ्यायचा, पत्त्यांत लबाडी करायचा... सांगता सांगता वहिनी थांबल्या. मग म्हणाल्या, "शेवटी डॉक्टरांचो हात सोडी नाय होते. म्हणत होते, माका जगवा, माका अजून जगूचां आसा." त्याचा भाऊ घाईघाईने म्हणाला, "मास्तर, हे नका लिहू. मरणावर एवढं लिहिलेला माणूस, लोक काय म्हणतील?" खरं सांगतो, मलाही ते नको वाटलं. आपला कवी धीराने गेला असं सांगायची मला फार हौस होती. घरी येऊन दोन कागद फाडले. तिसऱ्यावर त्याचे शब्द जसेच्या तसे उतरले आणि मग कळलं, की हा माणूस आयुष्यभर याच एका गोष्टीवर लिहीत होता.

बाराव्याला गॅलरीत उभं राहून मी कविता वाचली. मला यमकं जमत नाहीत, साधीच लिहिली होती. त्या ओळीपाशी आवाज फाटला, तरी वाचली. भाऊ खाली बघत होता. वसंताची आई भिंतीचा आधार घेत उठली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली,

"ह्यां ठेवलांत, मास्तर. बरां केलांत."