आईचं लाल वाक्य

वडशात झाडीपट्टीची नाटकं टाइप करणारा आमचा टायपिस्ट इतका एकटा, की त्याच्या दुकानातली पालसुद्धा कंटाळून शेजारच्या चहाटपरीवर राहायला गेली! नाटकाची जुनी आणि सुधारलेली प्रत तो फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ताडून बघतो. कापलेली वाक्यं लाल दिसतात. तो गुणगुणत एकेक बदल मान्य करत जातो. परवा मात्र नाटकातल्या आईच्या लाल वाक्यापाशी गुणगुणणं थांबलं: ‘जेवला का रे, बाबू?’ त्यानं तेवढा बदल नाकारला. वाक्य पुन्हा काळं झालं.

“काऊन भाऊ? दिग्दर्शक बोंबलते ना आता!” मी म्हटलं.

“बोंबलू दे. दिवसभरात मले हे विचारणारं दुसरं कोन आहे?”

मग स्क्रीनकडे बघून हळूच म्हणाला, “नाई, माय. अजून नाई.”