लॅपटॉपवरचा ढोल

वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांचा आंबट वास आला की मे महिन्यातली ती दुपार आठवते. लॅपटॉपवरच्या ड्रमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी शिमग्यातल्या पालखीचा ठेका एकेक ठोका मांडून जुळवला, खाली बेस भरला आणि स्पीकर मोठा केला. अंगणात सोलं परतणारी काकू डोलू लागली. शिमग्यात पालखीपुढे तिच्या अंगात देवीचं वारं येतं. पालखीपुढे ढोल वाजवणारे बाबा धावत आत आले. "बंद कर तो आधी. अवेळी बोलावलंस देवीला, आता माघारी पाठवणार कोण?" मी ठेका थांबवला. काकूची मान मात्र त्याच लयीत हलत राहिली, पार दिवेलागणीपर्यंत. तो ठेका मी केव्हाच पुसला, तरी माझी बोटं टेबलावर नकळत तोच वाजवू लागतात; काकू जवळ असली की मी हात खिशात घालून बसतो.