घाट न चढलेला पंच

आमच्या धारूरच्या पंचाला वाचता येत होतं, पण वाचायची गरज त्याला कधी भासली नाही. पोलिसांनी कागद पुढं केला की तो खिशातलं पेन काढायचा, टोपण दातात धरायचा आणि सही ठोकायचा. चोरी असो, अपघात असो, विहिरीत सापडलेलं प्रेत असो, पंचनाम्याला साक्षीदार हवा असला की हवालदार सरळ स्टँडजवळच्या माझ्या शिलाईच्या दुकानात यायचा, कारण हा गृहस्थ दिवसभर माझ्याच बाकावर पसरलेला असायचा. "सायबानं लिवलंय म्हनल्यावर आपून कावून वाचावं? त्येंचा अपमान हाय तो," असं त्याचं म्हणणं. सगळं गाव त्याला पंच म्हणायचं आणि ते त्याला फार आवडायचं. गेल्या वर्षी तो वारला. गावाला हळहळ वाटली. मला वाटली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

या माणसाच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस म्हणजे आमच्या फौजदारांचा खून. फौजदार दुपारचे मोटारसायकलवरून एकटेच घाट चढत होते. एका वळणावर रस्त्यात दगड मांडलेले होते. ते बाजूला करायला म्हणून ते खाली उतरले, आणि झुडपात दबा धरून बसलेल्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. मारेकरी आजतागायत सापडलेले नाहीत. जागेच्या पंचनाम्यावर सही अर्थातच आमच्या पंचाची. त्या सहीच्या जोरावर त्यानं पुढची दोन वर्षं माझ्या दुकानात दरबार भरवला.

माझ्या कापड बेतायच्या फळीवर, माझ्याच खडूनं तो घाटाचं वळण काढायचा. माझ्या टेपनं गोळीचं अंतर मोजायचा. मी कुणाची तरी विजार कापायला बसलेलो असायचो आणि हा म्हणायचा, "मास्तर, ती विजार सरकव जरा, तिथं झुडूप हाय." समोर शेतकरी असले की खून वाळूवाल्यांनी केलेला असायचा. शाळेतली मास्तर मंडळी आली की पोलीस खात्यातल्याच कुणीतरी. पोरीबाळी झंपर शिवायला टाकून गेल्या, की मागं आवाज खाली आणून कुणा बाईचं प्रकरण. गिऱ्हाईक बदललं की खुनी बदलायचा, आणि प्रत्येक खुनी त्याला "शंभर टक्के" ठाऊक असायचा. ऐकणारेही तसलेच. एवढा मोठा माणूस मेला त्याचं दुःख कुणाच्या तोंडावर दिसायचं नाही, चहा मात्र दोनदा व्हायचा.

फौजदारांच्या जागी नवे साहेब आले. तेही एक दिवस गणवेशाचं माप द्यायला माझ्याकडं आले. पंच बाकावरून उठून उभा राहिला, नमस्कार घातला आणि साहेब हात पसरून उभे असतानाच सुरू झाला. "सायब, दगुड कोन मांडतंय वो रस्त्यावर? मेंढरंवाला! त्या दिशी घाटात भिवाजीची मेंढरं व्हती. मी सांगतो, शंभर टक्के."

भिवाजी हा आमच्या भागातला मेंढपाळ. मेंढरं रस्ता ओलांडायची असली की हे लोक वळणाच्या अलीकडं कडेला दोन-चार दगड मांडतात, म्हणजे गाडीवाला बेतानं येतो. पण कळप पार झाला की दगड उचलल्याशिवाय मेंढपाळ पुढं पाऊल टाकत नाही, आणि रस्त्याच्या मधोमध तर तो दगड कधीच ठेवत नाही. हे इथल्या कुणालाही ठाऊक आहे. शिवाय भिवाजीची चोरीला गेलेली मेंढरं याच मेलेल्या फौजदारांनी सिरसाळ्याच्या बाजारातून सोडवून आणली होती. भिवाजी त्यांचं नाव घेताना कपाळाला हात लावायचा. हे सगळं मला माहीत होतं. पण साहेब गिऱ्हाईक होते, मी छातीचं माप घेत होतो, आणि पुढं कमरेचं घेतलं.

दुसऱ्या दिवशी भिवाजीला उचलला. नऊ दिवस कोठडीत ठेवला.

त्या नऊ दिवसांत मी पंचाला एकदाच विचारलं, "तुम्ही तर पंच होता. दगड कडेला होते का मधी?" तो जरासुद्धा ओशाळला नाही. म्हणाला, "म्या कुठं घाट चढलो? गुडघा धरतो की माजा. सही हाटेलात केली, भजी खाता खाता. पर दगुड काय, दगुडच असतेत." मला त्या क्षणी त्याची किळस आली. मेलेल्या माणसाच्या रक्ताशेजारी काय होतं हे पाहण्यासाठी सरकारनं ज्याला नेमला, त्यानं भजी खात सही केली होती, आणि त्याच तोंडानं तो एका गरिबाला फासावर चढवायला निघाला होता.

भिवाजीवर काहीच सिद्ध होईना म्हणून त्याला सोडलं. तो लंगडत माझ्या दुकानात आला. बाक रिकामा आहे हे आधी पाहून घेतलं. "मास्तर, म्या वरून बगितलं व्हतं. दोगं व्हते. येक वळकीचा," असं म्हणून त्यानं नाव सांगितलं. आमच्याच गावातलं, रोज स्टँडवरून जीप फिरवणारं नाव. "सांगनारच व्हतो म्या, त्या सायबाचे लई उपकार. पर आता न्हाई. आता मला इचारलं तर म्या आंधळा." त्याच आठवड्यात तो बायको आणि कळप घेऊन निघून गेला, तो पुन्हा या बाजूला फिरकला नाही. खरं पाहणारा एकच माणूस होता. त्याचं तोंड पंचानं बंद केलं, आणि खुद्द पंचाला मरेपर्यंत याचा पत्ता नव्हता.

पंच मरण्याआधी काही महिने फौजदारांची बायको आली होती. ठाण्यात तिला कुणी धड उत्तर देत नव्हतं. कुणीतरी सांगितलं, सगळं ठाऊक असलेला माणूस टेलरकडं बसतो. बाई बाकाच्या टोकाला बसल्या. पिशवीतून वरच्या साहेबांना द्यायचा अर्ज काढला. म्हणाल्या, "काका, फेरतपास मागायला चाललेय बीडला. तुमाला काय ठाऊक आसंल तर सांगा."

पंचानं तिच्याकडं पाहिलं आणि त्याच्याकडं लगेच नवी हकीकत तयार होती. "कशाला जाती बीडला, बाई? मारनारे परमुलखातले व्हते. तिकडंच ट्रकखाली मेले दोगं बी. देवानं निकाल लावला. मी पंच हाय, मला आतून कळलंय. शंभर टक्के."

बाई रडल्या. पदरानं डोळे पुसून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "खरं हाय का वो, भाऊ?"

समोर रस्त्यावर भिवाजीनं नाव सांगितलेल्याची ती जीप उभी होती. मी मशीनचं चाक हातानं धरून ठेवलं होतं.

"आसंल, ताई," मी म्हणालो.

त्यांनी अर्जाची घडी घालून तो पिशवीत परत ठेवला. पंचाच्या पाया पडल्या. मग माझ्याकडं वळून मलाही हात जोडले, आणि बीडची गाडी लागलेली असताना त्या उलट्या बाजूच्या, माहेरच्या गाडीत जाऊन बसल्या.