पिवळा कुठून आला?

कंप्युटरच्या क्लासला बसायला दहावी पास लागायचं. मी आठवीनंतर सुटलेली, कारण वाशीमकडच्या आमच्या गावात पुढची शाळाच नव्हती. ताईच्या बाळंतपणाला म्हणून बोईसरला आले आणि राहूनच गेले. दिवसा तारापूरच्या एका रंगाई कारखान्यात शेडकार्डं चिकटवायची. शेडकार्ड म्हणजे रंगवलेल्या कापडाचे बोटभर तुकडे आणि प्रत्येकाखाली त्याचं माप : पिवळा किती, लाल किती, निळा किती.

शिक्षणाचं सरांना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. लपवलं असतं तर झोप आली नसती. सर म्हणाले, "बस तू. प्रोजेक्ट कसा होतो बघू, मग परीक्षेचं ठरवू." बसू दिलं हेच फार होतं. पण त्या 'बघू'पायी मी रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे.

प्रोजेक्टला आम्ही तिघं. एक बेटेगावचा मुलगा, टायपिंगला सगळ्यात वेगवान. एक दातिवऱ्याची मुलगी, कोळ्यांची, तोंडाने त्याहून वेगवान. आणि मी. प्रोग्राम करायचा होता रंगांचा : दुकानदाराने साडीचा रंग निवडला की त्याच्याशी जुळणारे चार रंग पडद्यावर यावेत. मला वाटलं, देवानेच हा विषय धाडला. चाळीस शेड्सची मापं मी वहीत उतरवून आणली आणि मुलाने ती भराभर टाइप केली.

प्रोग्राम चालवला. पडदा जवळजवळ काळाच.

"आगं, ह्ये काय मयताचं दुकान हाय का?" दातिवऱ्याची म्हणाली.

फिका गुलाबी काळपट आला होता आणि पांढरा तर पार काळा. पांढऱ्या कापडाला रंग लागतच नाही, म्हणून मी त्याच्यापुढे तीन शून्यं लिहिली होती. मुलगा म्हणाला, "शून्य म्हणजे उजेड बंद. इथं आपण कापड नाय रंगवत, दिवे लावतो."

"आणि पिवळ्याचे आकडे कुठं टाकलेस?" मी विचारलं.

त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "हिरव्यात टाकले. इथं लाल, हिरवा, निळा एवढेच हायेत. पिवळ्याचं घरच नाय."

पिवळ्याशिवाय रंगाई! कारखान्यातल्या आमच्या रंगाई मास्तरांना सांगितलं असतं तर त्यांनी मला घरी पाठवलं असतं. मुलाने लाल आणि हिरवा पूर्ण वर नेले आणि पडदा हळदीसारखा पिवळा झाला. आमच्याकडे लालात हिरवा ओतला तर शेणासारखा रंग येतो.

"काहून?" माझ्या तोंडून निघालं.

"झालं हिचं काहून सुरू," दातिवऱ्याची हसली. "आमी मासळी इकतो, ही प्रश्न इकते." पण काहून ते त्या दोघांनाही माहीत नव्हतं.

पडद्यावर धूळ होती. मी ओल्या रुमालाने पुसली, तर एक थेंब काचेवर राहिला. त्या थेंबात काहीतरी दिसलं म्हणून मी नाक लावून पाहिलं. आत बारीक दाणे होते, लाल आणि हिरवे, शेजारी शेजारी. पिवळा एकही नाही. डोकं मागे घेतलं की पुन्हा हळद. मी चारपाच वेळा पुढे-मागे झाले.

"तुला काय लागलंय का?" म्हणत दातिवऱ्याची वाकली आणि तीही तिथंच अडकली. "आयला! हाय की!"

कापडाची मापं इथं चालणार नव्हती; वही मग मिटलीच. कारखान्यात मास्तर शेवटी डोळ्यावरच विसंबायचे, ट्यूबखाली नाही, खिडकीशी नेऊन. "ट्यूब झूठ बोलती है," म्हणायचे. मीही क्लासची ट्यूब बंद करायला लावली, मास्तरांकडून मागून आणलेला कापडाचा तुकडा खिडकीच्या उजेडात पडद्याशेजारी धरला आणि मुलगा आकडे कमी-जास्त करत गेला. "हिरवा थोडा. अजून. नाही, गेला पुढे." एकेका रंगाला कितीतरी वेळ जायचा. आठवड्याभरात चाळीसपैकी सव्वीस जुळले. मोरपंखी शेवटपर्यंत जमला नाही, तो आणि बाकीचे आम्ही गाळले.

दाखवायच्या दिवशी सर मलाच म्हणाले, "तू सांग." मी खुर्ची पुढे ओढली. प्रोग्राम चालला. सरांनी पिवळा निवडला आणि विचारलं, "यात पिवळा नाही, मग हा आला कुठून?"

मला व्याख्या येत नव्हती. मी माठातल्या पाण्यात बोट बुडवून आणलं आणि थेंब काचेवर ठेवला. "सर, वाकून बघा."

सर चष्मा काढून वाकले. बराच वेळ वाकलेलेच. मग मागे सरले, पुन्हा वाकले. "इतकी वर्षं शिकवतोय," ते स्वतःशीच म्हणाले, "कधी पाहिलं नव्हतं."

त्यांनी कपाटातून परीक्षेचे तीन फॉर्म काढले. तीन आहेत हे मी दोनदा मोजलं. शिक्षणाच्या रकान्याशी माझं पेन थांबलं.

"सर, इथं?"

"आठवी लिही. कोणी विचारलं तर मी सांगेन."

मी लिहिलं.

"रडू नको हां," शेजारून दातिवऱ्याची म्हणाली, "फॉर्म भिजला तर दुसरा नाय द्यायचे."