गाडी झोपते कुठं?

गाडीतळावरच्या वासूअण्णा मयेकरांच्या गॅरेजात बंद पडलेली मोटारसायकल घेऊन गेलं, की पहिली पाच मिनिटं अण्णा गाडीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. माणसाला एका उपड्या डब्यावर बसवायचे, पाण्याचा तांब्या पुढे करायचे आणि विचारत सुटायचे. काल कुठं गेला होतात, पाऊस लागला का, आचके देत बंद पडली की एकदम, शेवटची बरी कधी होती. घाईच्या माणसाचा नुसता जीव जायचा. आणि मी तर जन्माचीच घाईची.

आमची पहिली भेट म्हणजे भांडणच होतं. बाबा गेल्यावर त्यांची जुनी टू-स्ट्रोक मी चालवायला घेतली होती. मी शिकवायचे ती शाळा पालीच्या पुढे, सकाळची, आणि गाडी मांडवीतल्या आमच्या अंगणात हटून बसलेली. चाळीसेक किका मारल्या, मग घामाघूम होत ती चढावरून ढकलत अण्णांकडे आणली आणि तिथं पोचताच पुन्हा किकवर पाय ठेवला.

"पाय काढ, बाय," अण्णा म्हणाले. "मारून झालं ना तिला? आता विचारू या."

"अण्णा, मला उशीर होतोय हो."

"होत नाही, झालाय. बस आता निवांत."

असा राग आला होता मला, की तांब्यातलं पाणीसुद्धा प्यायले नाही. प्रश्न संपल्यावर अण्णांनी प्लग काढला आणि माझ्याच तळहातावर ठेवला. ओला आहे का? आहे. वास कसला? पेट्रोलचा. "म्हणजे पेट्रोल पोचतंय, ठिणगीचं बघायला हवं. प्लगला विचारावं, तो कधी खोटं बोलत नाही." मग प्लग पुसून तारेच्या टोपीत बसवला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि वर छत्री उघडून धरली. उन्हात ठिणगी दिसत नाही म्हणून काळोख करायची ही त्यांची रीत. मी किक मारली. छत्रीखाली टच्चकन निळी ठिणगी पडली. प्लग जागेवर गेला आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. "हिला काही झालेलं नाही," अण्णा म्हणाले. चाळीस किका मारलेल्या बाईला हे सांगायचं म्हणजे धाडसच.

खाकी हाफपँट, कानावर पेन्सिल, खिशात पॉलिश पेपरचा तुकडा, असा हा माणूस. गॅरेजामागच्याच घरात राहायचा. "आधी फुकटचं बघायचं, मग विकतचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणी येताक्षणी नवी कॉइल टाका म्हणाला, की अण्णा शांतपणे म्हणायचे, "पार्ट बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. ती खरेदी." गेल्या वर्षी अण्णा गेले. पण माझी गाडी जरा खोकली तरी मी अजून आधी फुकटचंच बघते.

एकदा गुहागरचे एक गृहस्थ टेम्पोत गाडी घालून आले होते. प्लगची टोपी निसटलेली, बस, एवढंच झालं होतं. अण्णांनी ती एका बोटानं दाबून बसवली आणि मग दहा मिनिटं गंभीर चेहऱ्यानं इंजिन पुसत राहिले. गृहस्थ गेल्यावर मी विचारलं, हे कशाला? "इतक्या लांबून आलाय गो. टेम्पोवाल्यासमोर त्याचं हसं कशाला करू?"

मी गाडी चालवायला घेतली त्या पहिल्याच पावसाळ्यात ती चार वेळा बंद पडली. घरी मेलेली, अण्णांकडे पोचली की ठणठणीत. दवाखान्याची पायरी चढली की ताप उतरणाऱ्या पोरासारखी. अण्णांनी सगळं तपासलं, काही सापडेना. शाळेत माझी बोलणी खाऊन झाली. शेवटी आईच म्हणाली, "विकून टाकू या. तुझ्या बाबांची होती, त्यांच्याबरोबर गेली असं समज." कोल्हापूरचे कोणी जुन्या गाड्या जमवणारे रविवारी बघायला यायचे ठरले. मला ती विकायची नव्हती. पटवून द्यायला कारण काही नव्हतं. मुठीचं रबर बाबांच्या हाताच्या मापानं झिजलेलं होतं, एवढंच.

शुक्रवारी मी अण्णांना हे सांगायला गेले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली आणि विचारलं, "बाय, गाडी झोपते कुठं?"

"अंगणात. झाकून."

"चारदा आलीस आणि हे मी एकदाही विचारलं नाही. कमाल आहे माझी. उद्या मी येईपर्यंत कोणी हात लावू नका हां तिला."

शनिवारी सकाळी सहाला भर पावसात अण्णा दारात हजर. गाडीवर ताडपत्री, चारी बाजूंनी खाली खोचलेली, वरून सुंभानं करकचून आवळलेली. "कोणी बांधलीन?" त्यांनी विचारलं. आईनं, मी म्हटलं. पावसातून मी आले, की गाडी तापलेली असतानाच आई तिला झाकायची. बाबा भिजून आले की टॉवेल घेऊन धावायची, तीच लगबग. बाबा गेल्यापासून एक संध्याकाळ तिनं चुकवली नव्हती.

अण्णांनी सुंभ सोडला. ताडपत्रीची आतली बाजू थेंबांनी भरलेली. इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडलं, तर ठिणगी पाडणारे चिमुकले पॉइंटही ओलेगच्च. छत्रीखाली किक मारली, ठिणगी नाही. आता सगळं लख्ख कळलं. तापलेल्या ओल्या गाडीची वाफ रात्रभर आत कोंडून राहायची, आणि गाडीतळापर्यंत ढकलत नेली की वाऱ्यानं सुकून जायची.

मी अण्णांना बाजूला घेतलं. "आईला हे सांगू नका. कॉइल गेली म्हणा. मी नवी आणते."

"आणि संध्याकाळी वहिनी परत झाकतील. मग परवा काय गेली म्हणून सांगू?"

आई चहा घेऊन पडवीत आली. अण्णा म्हणाले, "वहिनी, वाईच हात लावून बघा या ताडपत्रीला. आतून."

आईनं हात लावला आणि तसाच धरून ठेवला. "ही तर सगळी ओली आहे."

"गरम गाडीची वाफ. तिला बाहेर जायला वाटच नाही."

आईनं ओला तळहात पदराला पुसला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे बंद पडत होती."

मी अण्णांकडे डोळ्यांनी विनवलं. गुहागरच्या माणसाची लाज राखणारे अण्णा आता नाही म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "होय." मग खाली बसून त्यांनी कप हातात घेतला. "माझ्याकडे रोज येतात त्या हाल केलेल्या गाड्या, वहिनी. जपून जपून बिघडलेली ही पहिलीच. तिला वाईच वारा लागू दे."

आई रडली. एरवी माणसं अशा वेळी उठून जातात, पण अण्णा बसून राहिले आणि सगळा चहा प्यायले. मग त्यांनी एक सुकं फडकं आईच्या हातात दिलं आणि पॉइंट तिच्याकडूनच पुसून घेतले. छत्री धरली. मी किक मारली.

"रंग काय दिसला, वहिनी?"

"निळा," आई नाक पुसत म्हणाली.

त्या दिवशी संध्याकाळी गाडी पडवीच्या छपराखाली उघडीच उभी राहिली. आई दोनदा दारापर्यंत गेली आणि दोनदा परत आली. रविवारी पहिल्याच किकला इंजिन बोललं. कोल्हापूरचे गृहस्थ आले तेव्हा आईनं त्यांना पोटभर पोहे वाढले आणि सांगून टाकलं, "माफ करा, पण गाडी विकायची नाही."

ते गेल्यावर ती साडी बदलून आली आणि म्हणाली, "चल, अण्णांकडे ने मला." बाबा गेल्यापासून ती त्या गाडीवर बसली नव्हती. मांडवीतून निघालो तेव्हा तिचा हात माझ्या खांद्यावर घट्ट होता, आणि चढ लागेपर्यंत तो सैल झाला.

गॅरेज बंद होतं, पण आवाज ऐकून अण्णा घरातून बाहेर आले. मी गाडी बंद करायला चावीकडे हात नेला.

"राहू दे चालू," ते म्हणाले. "वहिनींना बसू दे वाईच."