पुजलेले कॅलिपर

शेडच्या पत्र्यावरून पडलो आणि कमरेखालचं शरीर परकं झालं. तेव्हापासून महाळुंग्यातला माझा गाळा धाकटा भाऊ चालवतो. एका जुन्या लेथवर मी उभा केलेला गाळा. आधी तो म्हणायचा, "दादा, तू बरा होईपर्यंत." मग ते म्हणणंही बंद झालं.

भंगारवाल्यापासून कंपनीच्या पर्चेसवाल्यापर्यंत मी सगळ्यांशी घासाघीस केलेली. भावाशीही सौदाच केला, सगळ्या घरासमोर. "खंडेनवमीला लेथसमोर उभा राहून नारळ फोडला, तर चाव्या माझ्या."

तो हसला. "फोड की, दादा. मीच हार घालतो तुला."

"हार लेथला घाल. मला चाव्या दे."

मांडीपासून तळपायापर्यंत कॅलिपर, पुढे वॉकर. गुडघ्याचा खटका बसला की पाय ताठ. उभं राहणं जमत होतं. अवघड होतं वॉकरवरचा एक हात सोडणं. नारळ आपटायला तो मोकळा हवा. आकुर्डीच्या फिजिओथेरपीच्या बाई मागून माझा कमरेचा पट्टा धरायच्या आणि मी पाण्याने भरलेली बाटली उचलायचो. तोल गेला की त्यांच्यावरच ओरडायचो.

"माझ्यावर कशाला चिडता? पोटाला सांगा ताठ व्हायला."

पावसाळा सरता सरता बाटली डोक्यापर्यंत जाऊ लागली.

खंडेनवमीच्या सकाळी अंघोळ करून आलो तर पलंगाशी कॅलिपर नव्हते. देवघरासमोरच्या पाटावर होते, विळी, कोयता आणि माझ्या जुन्या पान्यांशेजारी. पट्ट्यांना हळदकुंकू, खटक्यांवर झेंडू. नवरात्राच्या उपासाने वाळलेली आई हात जोडून बसली होती.

"आई, दे ते इकडं."

"पुजलेलं हत्यार आज हलवायचं न्हाई. तुझं पाय हायत ते. त्यांना बी एक दिस विसावा."

मी ओरडलो. तांब्या भिंतीवर आपटला. शेजारी दारात जमले. आई जागची हलली नाही. ते उपास माझ्याच पायांसाठी होते. तिला बाजूला सारून पाटावर हात घालणं मला जमलं नाही.

गाळ्यावर व्हीलचेअरवरून गेलो. नारळ भावाने फोडला. पाणी माझ्या गुडघ्यांवर उडालं. मला ते पँट ओली दिसली तेव्हा समजलं.

"पुढच्या वर्षी, दादा," कामगारांदेखत तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला. चाव्या अजून त्याच्याकडेच आहेत.

दसऱ्याला आईनेच कॅलिपर आणून दिले. रिक्षा करून दोघं गाळ्यावर गेलो. शटर बंद, रस्त्यावर एकही कंपनीची बस नाही. खटके लावले, उभा राहिलो. एक हात सोडून डोक्यावर नेला.

"बघितलंस?"

"बघितलं," आई मागून म्हणाली.

आदल्या दिवशी तिने देवाचं ऐकलं, की सगळ्यांसमोर मी पडेन म्हणून ती घाबरली, हे मी कधीच विचारलं नाही. माझा पट्टा तिने दोन्ही हातांनी धरला होता. त्या हातांची थरथर मला पाठीत, जिथवर कळतं तिथवर, कळत होती.