बाड हॉम्बुर्गची सप्तमी, रुद्रनाथची सप्तमी

हिमालयातल्या रुद्रनाथला जायचं हे मी जानेवारीत ठरवलं, जर्मनीत, बाड हॉम्बुर्गच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. अण्णा, आमचे वडील, आदल्या वर्षी ज्येष्ठ शुद्ध सप्तमीला गेले. त्यांना बरं नाही असा धाकट्या भावाचा, मिलिंदचा, फोन आला तेव्हा ऑफिसात माझी युबरगाबे, म्हणजे काम सोपवून देणं, बाकी होती. काम दुसऱ्याच्या हाती सोपवल्याशिवाय मी कधी जागेवरून उठलेलो नाही. एक दिवस थांबलो. साताऱ्याला पोहोचलो तेव्हा मिलिंद राख सावडून आला होता.

रुद्रनाथजवळ वैतरणी नावाचा ओढा आहे. तिथे पितरांना पाणी देतात. वर्षश्राद्ध तिथेच, बरोबर तिथीला करायचं, एवढंच डोक्यात होतं. मी कुठल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलो नाही; जे येतं ते पुस्तकं वाचून आणि चुका करून. ट्रेकिंगही तसंच शिकलो. चार महिने दर शनिवारी घराजवळच्या टाऊनुस डोंगरांतला फेल्डबर्ग अकरा किलो पाठीवर घेऊन चढलो. फोनमधल्या पंचांगात सप्तमी पाहिली, तिच्यावरून उलटं मोजत प्रत्येक मुक्काम ठरवला आणि शीट मिलिंदला पाठवलं. खाली लिहिलं, बदल असतील तर पंधरा तारखेच्या आत कळवणे. काही आलं नाही.

दिल्लीहून रातोरात निघालात तर सकाळी ऋषिकेश. तिथून शेअर जीपने गोपेश्वर, नऊ तास धरा. सगळीकडे सात लिहिलंय ते विसरा. गोपेश्वरपासून पाच किलोमीटरवर सागर गाव, तिथून पायवाट सुरू होते. जंगलाचा परवाना काढावा लागतो, ओळखपत्राच्या दोन झेरॉक्स जवळ ठेवा. एक राखीव दिवस मी प्रवासाच्या सुरुवातीला ठेवला होता. तुम्ही शेवटी ठेवा. का ते पुढे कळेल.

गुरुवारी पहाटे साडेपाचला मिलिंद आणि मी निघालो. पुंग बुग्यालपर्यंत वाट सोपी आहे, मग चढ अंगावर येतो. बुग्याल म्हणजे झाडांची हद्द संपल्यावरचं कुरण. मिलिंद शाळामास्तर, डाव्या गुडघ्याला पट्टा, दर वळणावर कुणाशीतरी बोलायला थांबणार. मी पुढे जाऊन घड्याळ बघत उभा. पनारला छपराखाली झोपायची जागा, राजमा आणि जाड पोळ्या मिळतात. माणशी हजारात रात्र भागते. समोर नंदादेवी आणि त्रिशूळ होते. मला ते दिसले, पण मी पाहिले असं म्हणवत नाही. उद्या दुपारच्या आत वैतरणी गाठायची, हाच हिशोब मनात चालू होता.

शुक्रवारी पितृधार लागली. ही वाटेवरची सर्वांत उंच जागा. लोक इथे आपल्या गेलेल्या माणसांसाठी दगडावर दगड ठेवतात. मिलिंद दगड शोधायला लागला. मी म्हटलं, वेळ नाही, खरं काम पुढे आहे.

तो वाकलेलाच होता. म्हणाला, "तू हो पुढे, दादा. दोघांतल्या एकाला उशीर व्हायचाच. अण्णांना सवय आहे."

मी पुढे झालो. कधी नव्हे इतक्या वेगाने चाललो. सागरपासून माझ्या घड्याळात एकवीस पूर्णांक चार किलोमीटर भरले. देऊळ खडकाला टेकून बांधलेलं, आत शंकराचं नुसतं मुख, मान किंचित कलती. पावणेबाराला पोहोचलो. मिलिंद एक वाजता आला. तीळ, दर्भ, सगळं काढून पुजाऱ्यांसमोर बसलो आणि ज्येष्ठ शुद्ध सप्तमी सांगितली.

पुजारी साठीचे, गोपेश्वरकडचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "आज दोपहर तो षष्ठी है. सप्तमी चार बजे लगेगी. आप कल कीजिए."

मी फोन काढला. त्यांना दाखवायलाच काढला, आणि दाखवता दाखवता माझ्याच लक्षात आलं. पंचांगात गाव बाड हॉम्बुर्ग होतं. इथे चार वाजतात तेव्हा तिथे साडेबारा. श्राद्धाची दुपार तिथे अजून पुढे असते, म्हणून तिथल्या लोकांची सप्तमी शुक्रवारी. इथली शनिवारी. बॅगेतल्या मोज्यांचंही वजन करणाऱ्या माणसाकडून पंचांगातलं गाव बदलायचं राहून गेलं होतं.

मिलिंदला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. मी विचारलं, तुला माहीत होतं?

"आपल्या घरच्या कॅलेंडरवर आहे की. शनिवार."

"मग बोलला का नाहीस?"

"पंधरा तारीख उलटून गेली होती," तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "दिवस बदल म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, रजा बसत नाही. म्हटलं, चुकीच्या दिवशी का होईना, दादा येतोय. खरं पाणी मी उद्या उतरताना वाटेत सोडणार होतो. तुला कळलंही नसतं."

थांबलो तर दिल्लीहून परतीचं विमान चुकणार आणि मंगळवारच्या सॉफ्टवेअर रिलीझला मी नसणार. कळवायला रेंज नाही. एकोणीस वर्षांत न सांगता मी एकही दिवस गैरहजर राहिलेलो नाही. पुजारी म्हणाले, मनात असेल तर आत्ताही पाणी द्या, देव रागावत नाही. बॅग पाठीवर घेतली, उतरवली, पुन्हा घेतली. शेवटी मिलिंदला म्हटलं, थांबतो.

ती अख्खी दुपार करायला काही नव्हतं. जप करून पाहिला, तर आकडे मोजत बसलो. ध्यान वगैरे लोक लिहितात ते मला जमलं नाही. ढग खालून वर यायचे, देऊळ झाकायचे, निघून जायचे, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता ऑफिसात कुणी माझ्या नावाने फोन लावला असेल. हिमालयात मन निवतं म्हणतात. माझं उकळत होतं. पण एक गोष्ट त्या उकळण्यातच वर आली: गेल्या वर्षी उशीर झाला तो कामामुळे नव्हे. मी थांबलो होतो, कारण मला थांबायचं होतं. हॉस्पिटलातले अण्णा बघण्यापेक्षा युबरगाबे सोपी होती.

शनिवारी बाराला वैतरणीवर गेलो. पाणी इतकं गार की बोटं वळेनात. पुजाऱ्यांनी विचारलं, कोण करणार. मी मिलिंदकडे पाहिलं, कारण अग्नी त्याने दिला होता. तो म्हणाला, "तू कर. मी पाणी घालतो." त्याने तांब्या धरला आणि माझ्या ओंजळीत ओतलं. अण्णांचं नाव घेताना आवाज फुटला नाही. पुजारी थांबले. दुसऱ्यांदा मिलिंदने माझ्याबरोबर नाव घेतलं.

विमान चुकलं. नवं तिकीट जवळजवळ दुप्पट पडलं. बुधवारी ऑफिसात गेलो; रिलीझ माझ्याशिवाय पार पडलं होतं. साहेबांनी फक्त विचारलं, सगळं ठीक ना. मी हो म्हणालो आणि जागेवर जाऊन बसलो. याने बरं वाटायला हवं होतं. मी मात्र दिवसभर अस्वस्थ होतो. वर्षापूर्वीही माझ्याशिवाय पार पडलं असतं.

घरी मुलगी ईरा, वय पंधरा, तिला सगळं सांगितलं. ती मराठी ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तिने एवढंच विचारलं की तू काकाला आधी विचारलं का नाहीस.

काल मिलिंदला फोन केला. पुढच्या वर्षीची तारीख तू सांग, म्हटलं, मी त्याप्रमाणे रजा टाकतो. त्याला लगेच सांगता आली असती. तो म्हणाला, बघून सांगतो.

अजून सांगितलेली नाही. मी वाट बघतोय.